ओटी (ऑपरेशन थिएटर) टेक्निशियन व्हायचंय? आधी हे बघा

सकाळी आठची केस असली की हा माणूस सातच्या आधीच आत असतो, सर्जन तेव्हा घरी चहा घेत असतील. ऑक्सिजनचं प्रेशर, भुलीचं मशीन, सक्शन नीट ओढतंय का, टेबल वर-खाली होतंय का, सगळं त्यानेच बघायचं. निर्जंतुक कपड्यांचा ड्रम आला की आधी त्यावरची टेप बघायची, रेघा काळ्या पडल्यात का. पण टेप एवढंच सांगते की ड्रम ऑटोक्लेव्हमधून (वाफेने निर्जंतुक करायचं मशीन) गेलाय, वाफ आतल्या कपड्यांपर्यंत पोचली का ते आतली इंडिकेटर स्ट्रिप सांगते. ऑटोक्लेव्हचं 121 डिग्री आणि 15 पाउंड प्रेशर तर परीक्षेपुरतं कोणीही पाठ करतं हो!

पेशंट टेबलवर आला की कॉटरीची (विजेने रक्तस्राव थांबवायचं मशीन) प्लेट कोरड्या, मांसल जागी, बहुतेक मांडीला लावायची, नीट चिकटली नाही तर तिथे भाजू शकतं. मॉपची (रक्त टिपायचे कापडाचे तुकडे) मोजणी मोठ्या हॉस्पिटलात सिस्टर करतात, छोट्या नर्सिंग होममध्ये बऱ्याचदा हाच. एक मॉप कमी भरला की पोट शिवायचं थांबतं, मग सर्जन कितीही चिडू देत.

आता शिकायचं कुठे, तर बारावी सायन्सनंतर नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचा पॅरामेडिकल डिग्री कोर्स आहे, तीन वर्षं आणि वर इंटर्नशिप, शिवाय डिप्लोमेही आहेत. पॅरामेडिकल कामांसाठीच्या 2021 च्या केंद्रीय कायद्यात किमान 2000 तास, तेही दोन ते चार वर्षांत, असं लिहिलंय. तरी ‘सहा महिन्यांत ओटी टेक्निशियन’ असे बोर्ड दिसतातच. फी भरायच्या आधी दोनच गोष्टी विचारा, या कायद्याखाली नोंदणी होईल का आणि कोणत्या हॉस्पिटलच्या ओटीत उभं करणार. उत्तर गोलमोल आलं तर सरळ उठून या.

नोकरी मिळते, पण सुरुवातीचा पगार बेताचा, नाईट आणि इमर्जन्सी सिझर वेगळे. कॅथलॅब (अँजिओग्राफी होते ती खोली), दुर्बिणीच्या सर्जरी, सी-आर्म (ऑपरेशन चालू असताना वापरायचं एक्स-रे मशीन) हाताळता आलं की भाव वाढतो. रेल्वे, ईएसआयसी, एम्स अशा ठिकाणी जागा निघतात, पण फॉर्म भरणारेही भरपूर.

गल्फला जायचं तर कागदपत्रांची पडताळणी आणि लायसन्सची परीक्षा. अमेरिकेत हे काम वेगळंच, तिथला सर्जिकल टेक मुख्यतः सर्जनच्या हातात इन्स्ट्रुमेंट देतो, भुलीच्या मशीनला माणूस वेगळा, आणि सर्टिफिकेटच्या परीक्षेला बसायला साधारणपणे तिथलाच मान्यताप्राप्त कोर्स लागतो. इथल्या डिप्लोमावर थेट लावून देतो म्हणणाऱ्या एजंटला एक रुपयाही देऊ नका.