पुढची गाडी किती वाजता?

(इंदूरमध्ये मराठी श्रोत्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आपल्या शहरात वाहतुकीचा विषय निघाला की गप्पा लगेच मेट्रोवर जातात, नाहीतर बीआरटीएसवर, म्हणजे बससाठी राखलेल्या वेगळ्या मार्गिकेवर. त्या दोन्हींबद्दल मी बोलणार आहेच. पण आज एकच गोष्ट तुमच्या मनावर ठसवायची आहे. प्रवाशाला पुढची गाडी केव्हा येणार याचा भरवसा लागतो. रूळ, डबे, स्थानकाची इमारत, सगळा खटाटोप त्या भरवशासाठी असतो, आणि आपण पैसा मोजतो तो मात्र बहुधा इमारतीसाठी.

आधी थोडा हिशेब करू. दर १० मिनिटांनी बस असेल, तर तुम्ही केव्हाही थांब्यावर गेलात तरी सरासरी ५ मिनिटं थांबावं लागतं. आता समजा, डेपोतून बस सुटतात १० मिनिटांनीच, पण वाटेत त्यांच्या जोड्या जमतात. एक गेली की २ मिनिटांत दुसरी, आणि मग १८ मिनिटं काहीच नाही. तासाला बस सहाच, डिझेल तेवढंच, पगारही तेवढेच. पण थांब्यावरचं सरासरी ताटकळणं ८ मिनिटांच्या वर जातं, कारण बहुतेक माणसं त्या १८ मिनिटांच्या खंडातच येऊन उभी राहतात. जोड्या जमतात कशा? पुढची बस जरा रेंगाळली की तिच्या वाट्याला जास्त माणसं येतात, चढ-उताराला वेळ लागतो, ती आणखी मागे पडते. मागची अर्धी रिकामी असल्यामुळे भराभर येऊन तिला गाठते. यात ड्रायव्हरचा काही दोष नाही. हे टाळायचं तर बसला मोकळी वाट हवी, आणि दोन बसमधलं अंतर राखणारा माणूस नियंत्रण कक्षात बसलेला हवा.

निरंजनपूर ते राजीव गांधी चौक या साडेअकरा किलोमीटरवर २०१३ पासून आपल्याकडे ती मोकळी वाट होती. त्या मार्गिकेवर धावणाऱ्या आयबसचा फलाट बसच्या दाराच्या उंचीला होता, तिकीट आत शिरण्याआधी काढायचं होतं. म्हातारं माणूससुद्धा न धडपडता चढत होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुख्यमंत्र्यांनी ती मार्गिका काढण्याची घोषणा केली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं ती काढायला सांगितलं. बाजूच्या रस्त्यावर गाड्या तुंबायच्या, ही तक्रार खरीच होती. तरी माझं मत स्पष्ट आहे: रस्ता किती गाड्या वाहतो हे आपण मोजलं, किती माणसं वाहतो हे मोजलं नाही. आता त्या रस्त्यावर उड्डाणपूल होवोत, काहीही होवो, बसला चौकात आधी सोडणारा सिग्नल आणि गर्दीच्या वेळी राखीव पट्टा आपण मागितलाच पाहिजे.

मेट्रोचा पहिला टप्पा ३१ मे २०२५ ला सुरू झाला. पाच स्थानकं, सुमारे सहा किलोमीटर, सुपर कॉरिडॉर या शहराबाहेरच्या नव्या रुंद रस्त्याच्या बाजूला. तिथं वस्ती अजून विरळ आहे. साधारण ३१ किलोमीटरचं वर्तुळ पुरं होऊन मेट्रो गावात शिरेल तेव्हा चित्र पालटेल, मला त्याची आशा आहे. तोवर काय?

तोवर आपल्याजवळ मोठी लाइन, म्हणजे ब्रॉड गेज रेल्वे आहे. आणि आज मला सगळ्यात जास्त तिच्याबद्दलच बोलायचं आहे.

दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० मध्ये रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं, साडेचार टक्के व्याजानं, १०१ वर्षांच्या मुदतीनं. त्यातून खंडव्याकडची मीटर गेज, आपली छोटी लाइन, उभी राहिली. विंध्याचा घाट उतरून, नर्मदा ओलांडून ती खंडव्याला पोचली, आणि पुढे अकोला, पूर्णेपर्यंत रूळ जोडले गेले. मीनाक्षी एक्सप्रेस याच वाटेनं धावायची. इथल्या कितीतरी घरांची वऱ्हाडातली सोयरीक या गाडीच्या भरवशावर झाली आहे. गेज रूपांतर, म्हणजे छोट्या लाइनची मोठी लाइन करणं, सुरू झालं तसे तुकडे बंद होत गेले. महूकडचा उरलेला तुकडा २०२३ मध्ये थांबला. रूपांतर गरजेचं आहे, यात वाद नाही. पण दर वेळी पहिली बंद होते ती पॅसेंजर, आणि नव्या रुळांवर सर्वांत शेवटी परत येते तीही पॅसेंजरच. मधल्या वर्षांत बडवाहचा विद्यार्थी, चोरलचा दूधवाला बसकडे, मोटरसायकलकडे वळलेला असतो. मग म्हणायचं, प्रवासीच नाहीत.

मनमाड-इंदूर मार्गाबद्दलही मला हीच काळजी आहे. २ सप्टेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं तो मंजूर केला: ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी रुपये, ३० नवी स्थानकं. आज मुंबईला जायला अवंतिका एक्सप्रेस रतलाम, वडोदरा, सुरत असा वळसा घेते. हा मार्ग झाला की धुळे, मनमाड थेट हाताशी येईल. आनंदच आहे. पण ३० स्थानकांवर थांबणाऱ्या गाड्या किती, हे आत्ताच विचारायला हवं.

आता शहरातलं पाहा. महू, राऊ, राजेंद्र नगर, लोकमान्य नगर, सैफी नगर, मग इंदूर, लक्ष्मीबाई नगर, पुढे मांगलिया, देवास, उज्जैन. ही स्थानकं आहेत. लोकमान्य नगरच्या लोकांना तर घरातून गाडीची शिटी ऐकू येते, पण एबी रोडवर, म्हणजे आग्रा-मुंबई रस्त्यावर, ते दुचाकीनं जातात, कारण पुढची गाडी दोन तासांनी असेल की तीन, कोण लक्षात ठेवणार? या मार्गावर मेमू, म्हणजे विजेवर धावणारी लोकलसारखी गाडी हवी. मेमूला दोन्ही टोकांना चालकाची खोली असते, म्हणून टोकाला इंजिन फिरवावं लागत नाही. ती थांब्यावरून चटकन वेग घेते, त्यामुळे जवळजवळची स्थानकं तिला जड जात नाहीत. दर अर्ध्या तासानं, घड्याळाच्या ठरलेल्या मिनिटाला. राऊहून सुटण्याची वेळ ७.१० असेल तर ७.४०, ८.१०, ८.४०, वेळापत्रक पाठच होऊन जातं. एकेरी रुळावर एवढ्या गाड्या क्रॉसिंगमध्ये, समोरच्या गाडीला वाट देण्यात, अडकतात, म्हणून इंदूर-देवास-उज्जैन दुहेरीकरणाला एवढं महत्त्व आहे.

आणि स्थानकाबाहेर बस उभी हवी. सरवटे बस स्टँड रेल्वे स्टेशनपासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर आहे, ही केवढी सोय! तरी सामान घेतलेल्या बाईला तो रस्ता ओलांडताना पाहा. तिथं सलग पदपथ, छप्पर, आणि रेल्वे-बस दोन्हींच्या वेळा दाखवणारा एक फलक, इतकं करायला मेट्रोएवढा पैसा लागत नाही. मध्य प्रदेशचं राज्य परिवहन महामंडळ गुंडाळल्यापासून खेड्यांकडच्या बस खासगी मालकांच्या मर्जीवर आहेत. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मुख्यमंत्री सुगम परिवहन सेवेला मंजुरी दिली. तिच्या बस रेल्वेच्या वेळांशी जुळवा, अशी लेखी मागणी आपल्या मंडळांनी करायला हवी.

२०२८ मध्ये उज्जैनला सिंहस्थ आहे. त्या दोन महिन्यांसाठी गाड्या येतील, फलाट वाढतील, इंदूर-उज्जैन फेऱ्याही वाढतील. माझी मागणी अशी आहे की त्यातल्या दर अर्ध्या तासाच्या मेमू जूनमध्ये परत पाठवू नयेत, आणि त्या लोकमान्य नगर, राजेंद्र नगरला थांबाव्यात. हे पत्र मी लिहून आणलं आहे, बाहेर टेबलावर ठेवलंय. वाचा, पटलं नाही तर दुरुस्त्या सुचवा, पटलं तर सही करा. आता तुमचे प्रश्न घेऊ या.