एक जूनला जन्मलेली मुलं

नमस्कार श्रोतेहो.

आज एका तारखेविषयी बोलायचं आहे. एक जून. तुमच्या घरात पन्नाशी उलटलेलं कुणी असेल तर त्यांचा शाळेचा दाखला काढून बघा. कितीतरी जणांची जन्मतारीख एक जून निघेल. वाड्याच्या वाड्या काही एकाच दिवशी जन्मल्या नव्हत्या. जून उजाडला की मुलं शाळेत यायची, आईबापाला तारीख ठाऊक नसायची आणि पहिलीत घ्यायचं तर सहा वर्षं पूर्ण दिसायला हवीत. मग गुरुजी एक जून लिहून मोकळे व्हायचे. हे मी ऐकीव सांगत नाही. अशा तारखा मी स्वतः लिहिल्या आहेत. १९७६ साली माण तालुक्यातल्या एका वाडीवर, दोनशिक्षकी शाळेत मी नोकरीला लागलो, तेव्हापासून.

आता देश सगळा कारभार संगणकावर नेतो आहे. पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. २०१४ ला जनधन खाती आली, १ जुलै २०१५ ला डिजिटल इंडिया सुरू झालं, २०१६ ला यूपीआय आलं. मला याचा मनापासून आनंद आहे. सातबाऱ्यासाठी तलाठ्याच्या दारात दिवस घालवलेला माणूस आहे मी. आज तोच उतारा डिजिटल सहीसकट घरी बसून निघतो. ही सोय लहान नाही.

पण अडचण काय, असं विचारलं की लोक दोनच गोष्टी सांगतात. रेंज नाही, लाईट नाही. दोन्ही खऱ्या आहेत. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना २०११ ला मंजूर झाली, तिलाच आज आपण भारतनेट म्हणतो. आणि तरीही कितीतरी वाड्यांवर फोन लावायचा तर टेकाडावर जावं लागतं. पण तिसरी अडचण कुणी बोलत नाही. जुनी नोंद. संगणकात जे भरलं, ते कुणीतरी कधीतरी अंदाजानं लिहिलेलं होतं. लक्षात ठेवा श्रोतेहो, संगणकातली नोंदही आधी माणसानंच केलेली असते.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळी अंगणात चहा घेत होतो. फाटकाशी एक बाई उभी. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागद. म्हणाली, "गुरुजी, वळखलं का?" ओळखलं. पहिलीत पाटी डोक्यावर घेऊन पावसातून यायची ती मुलगी. आता केस पांढरे झालेले. नवरा सूतगिरणीत कामाला होता, तो वारला. त्याच्या मागं तिला थोडी पेन्शन बँकेत जमा होते. बँकेनं पुन्हा केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, मागितली, तिनं आधार दिलं, अंगठा दिला. अंगठा जुळला, तारीख जुळली नाही. बँकेत १ जून १९७२. आधारवर १ जानेवारी १९७१. खातं थांबलं.

चार महिने, श्रोतेहो. पूर्ण चार महिने. बँक म्हणाली, आधार दुरुस्त करून आणा. आधार केंद्र म्हणालं, जन्माचा दाखला आणा. ग्रामपंचायत म्हणाली, तुमच्या जन्माची नोंदच नाही. मोबाइलवर ओटीपी येईल म्हणाले, तर आधारला जोडलेला नंबर लेकाचा. लेक पुण्यात टेम्पो चालवतो. तो गाडी बाजूला घेऊन आकडा सांगेपर्यंत मुदत संपायची. शेवटी कुणीतरी सांगितलं, शाळेची मूळ नोंद आणा. म्हणून ती माझ्याकडं आली. मला म्हणाली, "गुरुजी, तारीक तुमीच लिवली हुती न्हवं?"

त्या प्रश्नात राग नव्हता. त्यामुळंच तो मला जास्त लागला. मी शर्ट चढवला आणि तिच्याबरोबर एसटीत बसलो.

शाळा आता चार खोल्यांची झाली आहे. मुख्याध्यापिका तरुण, माझ्या मुलीपेक्षा लहान. त्यांनी लोखंडी कपाट उघडलं आणि जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत आलेल्या मुलांच्या नोंदीची वही, काढलं. कापडी पाठीचं, कडा वाळवीनं थोड्या खाल्लेल्या. जून १९७८ चं पान. निळ्या-काळ्या शाईत माझं अक्षर. एकाखाली एक अकरा नावं, अकरापैकी नऊ जणांची तारीख एक जून. सातव्या ओळीत ती. सत्तेचाळीस वर्षांनी शाई जशीच्या तशी. (जाता जाता सांगतो, मुलांना शाईचं पेन द्या. अक्षराला वळण लागतं आणि लिहिलेलं टिकतं. हे माझं जुनं मत आहे, ते मी सोडणार नाही.)

परतताना ती मला तिच्या आईकडं घेऊन गेली. म्हातारी ऐंशीच्या घरातली, पण आठवण लख्ख. मी विचारलं, ही कधी झाली? म्हणाली, "दुस्काळात. खडी फोडाय जात हुते. सुकडी मिळायची बगा, तवा. पूसाचा म्हैना." सुकडी, म्हणजे दुष्काळी कामावर वाटायचं ते कोरडं खाणं, मिळायची तो १९७२ चा दुष्काळ. त्यात पौष, म्हणजे १९७३ चा जानेवारी. पोर शाळेत आली तेव्हा साडेपाच वर्षांची होती. ती बसावी म्हणून मी तिला सहाची केली. आणि २०११ ला गावात आधारचं शिबिर आलं, तिथं वय विचारलं, तर गर्दीत कुणी म्हणालं, चाळीस धरा. चाळीस धरले. नुसतं वय सांगितलं की वर्ष मागं मोजून तारीख एक जानेवारी पडते. एका बाईच्या दोन जन्मतारखा, दोन्ही अंदाजाच्या. खरी फक्त आईला ठाऊक, आणि तिच्यासाठी कुठल्याच फॉर्मात रकाना नाही.

दुसऱ्या दिवशी बँकेत गेलो. मॅनेजर नवे आले होते. त्यांनी रजिस्टरचा उतारा पाहिला, आधार पाहिलं, जुनं पासबुक पाहिलं. मग मला विचारलं, "तुम्ही यांना ओळखता?" मी म्हणालो, पहिलीपासून. त्यांनी अर्ज लिहून घेतला, साक्षीदार म्हणून माझी सही घेतली आणि बँकेतली तारीख आधारप्रमाणे बदलून टाकली. अर्ध्या तासात खातं सुरू झालं. चार महिने जे अडलं होतं ते अर्ध्या तासात झालं, कारण खुर्चीत बसलेल्या माणसानं ठरवलं. नियम तोच होता. संगणक तोच होता.

माझं म्हणणं एवढंच आहे. कागदाच्या काळात नोंदीतली चूक माणूस सांभाळून घेत होता. यंत्र सांभाळून घेत नाही, एक अक्षर इकडंतिकडं झालं तरी नाही म्हणतं. म्हणून प्रत्येक खिडकीवर असा माणूस हवा, ज्याला समोरच्याचं ऐकून दुरुस्ती करायचा अधिकार आहे. पुन्हा सांगतो, दुरुस्तीचा अधिकार असलेला माणूस. यंत्रं घेताना त्या माणसाच्या पगाराचीही तरतूद करा.

आणखी थोडं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी फक्त ३३ टक्के बायकांनी कधीतरी इंटरनेट वापरलं होतं, पुरुषांपैकी ५७ टक्के. तो लेकाच्या फोनवरचा ओटीपी आठवा. आणि बायकांची नावं! माहेरचं नाव वेगळं, सासरचं वेगळं, त्यात लक्ष्मीचं इंग्रजी स्पेलिंग तीन कार्डांवर तीन तऱ्हांचं. मराठी नाव मराठीत लिहून जुळवलं तर निम्मी भांडणं मिटतील असं मला वाटतं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका अपघात भरपाईच्या खटल्यात मृताचं वय आधारवरून न धरता शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून धरलं. ती बातमी वाचली आणि मला रात्रभर झोप लागली नाही. किती पानांवर माझं अक्षर आहे!

आता कामाचं सांगतो, लिहून घ्या. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते. एकदाच. म्हणून घाईनं बदलू नका, आधी शाळेचा दाखला, बँक आणि पेन्शनचे कागद शेजारी ठेवून बघा. आधारला मोबाइल नंबर स्वतःचा जोडा, लेकाचा नको. शंका असेल तर आधारची मदतवाहिनी आहे, १९४७. आपल्या स्वातंत्र्याचं साल, एक-नऊ-चार-सात.

आणि मुख्याध्यापकांना हात जोडून विनंती. जुनी जनरल रजिस्टरं रद्दीत घालू नका. कोरड्या कपाटात ठेवा, कडुनिंबाचा पाला घाला, जमलं तर पानांचे फोटो काढून ठेवा. १९७८ च्या त्या पानावर आणखी दहा नावं आहेत. त्यातलं कुणी हे ऐकत असेल तर मला येऊन भेटा. मी बरोबर येईन.

नमस्कार.