गोठलेल्या जमिनीवरची गोधडी

कात्रजचा घाट चढताना चाकाखाली काय आहे, याचा विचार आपण कधी करत नाही. खाली काळा कातळ आहे, तो कुठे जात नाही. माझी ही बेफिकिरी कॅनडातल्या डेम्पस्टर हायवेनं पहिल्या मुक्कामातच मोडली.

हा रस्ता युकॉनमधल्या डॉसनजवळून निघतो आणि आर्क्टिक वृत्त ओलांडून इनुविकला पोचतो. साधारण 740 किलोमीटर, जवळपास सगळा खडीचा. पहिला पेट्रोल पंप 369 किलोमीटरवर, ईगल प्लेन्सला. पुण्याहून निघून बेळगाव मागे टाकलं तरी पंप नाही, असं समजा. पाऊस झाला की धूळ बसवायला टाकलेल्या क्षारामुळे चिखल साबणासारखा होतो आणि वाळला की रेडिएटरवर सिमेंटसारखा धरतो. रोज संध्याकाळी तो धुवायचा, नाहीतर इंजिन तापतं.

पण मला सांगायचंय ते जमिनीबद्दल. जून महिना होता. तंबूची खुंटी शेवाळात हातानं दाबली, लोण्यात सुरी जावी तशी गेली. वीतभर आत गेल्यावर ठक्! दगड असेल म्हणून हातभर सरकून पुन्हा ठोकली. तिथेही तेवढ्याच खोलीवर ठक्. तो दगड नव्हता, गोठलेली माती होती. उन्हाळ्यात फक्त वरचा थर सुटतो, खालची जमीन हजारो वर्षं गोठलेली. तिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. तिच्यातला बर्फ वितळला की जमीन खचते.

आपण रस्ता करताना डोंगर फोडतो. तिथे खणायचंच नाही. वरचं शेवाळ तसंच ठेवायचं आणि त्यावर खडीची जाड भर घालायची, काही ठिकाणी दोन मीटरहून जास्त. आजी गोधडी घालायची ती आपल्याला ऊब राहावी म्हणून. ही गोधडी खालची थंडी राखण्यासाठी. काम 1959 साली सुरू झालं, रस्ता खुला झाला 1979 साली.

ईगल प्लेन्सच्या पुढे एका धारदार दगडानं मागचा टायर फाडला. मी सवयीनं गाडी कडेला घेऊ लागलो, तेवढ्यात मागून आलेल्या ग्रेडरवाल्यानं, म्हणजे रस्ता सपाट करणारं यंत्र चालवणाऱ्यानं, हातानं थांबवलं. तो ग्विचिन, तिथलाच मूळ रहिवासी. कड मऊ असते, गाडी उलटेल, मध्येच थांब, असं म्हणाला. मी टोच्यानं भोक मोठं करून रबरी पट्टी बसवेपर्यंत तो आपलं अवजड यंत्र आडवं लावून उभा राहिला.

त्या रात्री मला फिट्झगेराल्ड आठवला. डिसेंबर 1910 मध्ये हा पोलीस अधिकारी तीन माणसं घेऊन फोर्ट मॅकफर्सनहून डॉसनला निघाला. वाटेत भेटलेल्या ग्विचिन वाटाड्याला त्यानं थोड्या दिवसांत परत पाठवलं. पुढची वाट ज्या ओढ्यानं जायची तो सापडला नाही, शिधा संपला, चौघेही गेले. मार्च 1911 मध्ये त्यांना शोधायला निघालेल्या डेम्पस्टर या पोलिसाच्या तुकडीला त्यांचे देह सापडले. त्या तुकडीत चार्ल्स स्टुअर्ट नावाचा ग्विचिन वाटाड्या होता. रस्त्याला नाव डेम्पस्टरचं आहे. स्टुअर्टचं नाव मी प्रत्येक व्याख्यानात मुद्दाम घेतो.

वाटेत पील आणि मॅकेन्झी या दोन नद्यांवर पूल नाहीत. उन्हाळ्यात फेरी, हिवाळ्यात बर्फावरून वाट, आणि मधले काही आठवडे काहीच नाही.

इनुविकपासून समुद्रकाठच्या तुक्तोयाक्तुकपर्यंतचा रस्ता नोव्हेंबर 2017 मध्ये खुला झाला. तिथली भर मुख्यतः हिवाळ्यात, जमीन कडक गोठलेली असताना घातली आणि खडीखाली खरोखरच कापड अंथरलंय, जिओटेक्स्टाइल. तरीही मधूनमधून गाडी खड्ड्यात उतरल्यासारखी हलकेच खाली जायची. खालचा बर्फ सुटत चालला होता.

तुक्तोयाक्तुकला पोचलो आणि गाडी उभी करून पाण्यात हात घातला. आर्क्टिक महासागर. किनाऱ्याची माती लाटांनी तुटून पडत होती आणि तुटलेल्या कडेत, मातीच्या खाली, बर्फाचा करडा थर उघडा पडला होता. मी त्यावर तळवा ठेवला. थेंब थेंब पाणी मनगटावरून ओघळत होतं.