हाताला आठवतं, मनाला नाही

श्रोतेहो, नमस्कार.

जिना उतरून रस्त्यावर यावं, रिक्षाला हात करावा आणि काळजात चर्र व्हावं: कुलूप लावलं का? धापा टाकत परत वर जावं, तर कुलूप व्यवस्थित लागलेलं असतं. लावलं आपल्याच हातांनी, पण आठवण मात्र कोरी. पुष्कळ जण याने घाबरतात, स्मरणशक्ती गेली म्हणतात. बहुतेक वेळा तसं काही नसतं. रोजचं काम अंगवळणी पडलं की ते करताना लक्ष दुसरीकडे असतं, आणि जिथे लक्ष नाही तिथली आठवण पक्की होत नाही. यावर उपाय साधा आहे. किल्ली फिरवताना मोठ्याने म्हणा, “कुलूप लावलं, आज गुरुवार.” आपल्या रेल्वेत लोको पायलट आणि त्यांचे सहायक प्रत्येक सिग्नल हात दाखवून एकमेकांना मोठ्याने सांगतात, ते याचसाठी. हजार वेळा पाहिलेला सिग्नल नजरेसमोर असूनही मनापर्यंत पोचत नाही. तोंडाने उच्चारला की पोचतो.

जाणिवेच्या खाली काम करणारी ही जी नेणीव आहे, तिची स्मरणाची सोय निराळी आहे. 1953 मध्ये हेन्री मोलेसन या अमेरिकन तरुणाच्या मेंदूवर अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली. नव्या आठवणी पक्क्या करणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागाचा दोन्ही बाजूंचा मोठा हिस्सा काढला गेला, आणि त्यानंतर घडलेलं काही त्याच्या लक्षात राहीना. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात बघून चांदणीच्या दुहेरी रेघांमधून पेन्सिल फिरवायला दिली. पहिल्या दिवशी रेघ भरकटत होती, तिसऱ्या दिवशी हात सफाईने फिरू लागला. पण हे काम आपण पूर्वी केलंय, हे मात्र त्याला कधीच आठवायचं नाही. हात शिकला होता, माणसाला त्याचा पत्ता नव्हता.

सवयींचं हे खातं मुख्यतः मेंदूच्या आतल्या भागात, बेसल गँग्लियात असतं. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात अॅन ग्रेबिएल यांच्या प्रयोगशाळेत उंदीर चॉकलेटसाठी चक्रव्यूहात धावायचे. नवखेपणी त्यांच्या मेंदूतला हा भाग धावण्याच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत जागा असायचा. वाट पाठ झाल्यावर हालचाल मुख्यतः सुरुवातीला आणि शेवटी दिसू लागली. मधलं सगळं एका गाठोड्यात बांधलं गेलं होतं. खूण दिसली की गाठोडं आपोआप उलगडतं. म्हणून सवयीचं काम मध्येच थांबवणं इतकं जड जातं. अडवायचं असेल तर सुरुवातीलाच अडवावं लागतं.

आता हा प्रयोग जरा सावकाश ऐका. अमेरिकेत वेंडी वुड, डेव्हिड नील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रपटगृहात येणाऱ्यांना फुकट पॉपकॉर्न दिले. काहींना ताजे, काहींना सात दिवसांचे शिळे, मऊ पडलेले. शिळे आवडले नाहीत, असं लोकांनी स्वतःच सांगितलं. पण ज्यांना चित्रपट बघताना पॉपकॉर्न खायची पक्की सवय होती, त्यांनी शिळे पॉपकॉर्नही जवळजवळ ताज्याइतकेच खाल्ले. जीभ नको म्हणत होती आणि हात डब्यात जात होता. तेच शिळे पॉपकॉर्न मीटिंगच्या खोलीत दिले, तर सवयीची माणसंही हात आखडता घेऊ लागली. आणखी एक बदल केला: चित्रपटगृहातच, पण नेहमीच्या हाताने खायचं नाही. उजवा हात सवयीचा असेल तर डाव्याने. एवढ्यानेही शिळ्याचं खाणं कमी झालं, कारण घास उचलण्यापूर्वी क्षणभर विचार करावा लागला.

“जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही” ही म्हण म्हणूनच मला अपुरी वाटते. खोड माणसाला चिकटलेली दिसते, पण बरीचशी ती जागेला, वेळेला, हातातल्या वस्तूला चिकटलेली असते. अंथरुणात मोबाइल बघत रात्री उशिरापर्यंत जागणाऱ्याने निश्चयाचे पाढे म्हणू नयेत. चार्जर स्वयंपाकघरात लावावा आणि गजराचं साधं घड्याळ उशाशी ठेवावं. घड्याळ आधी आणा. नाहीतर “गजरासाठी लागतो” म्हणून फोन चौथ्याच दिवशी उशाशी परत येतो. पहिल्या काही रात्री हात उशीखाली चाचपडेल, ते स्वाभाविक आहे. खूण गेलीय, गाठोडं अजून शिल्लक आहे.

नवी सवय लावायची तर हेच उलट्या दिशेने करायचं. डॉक्टरांनी रक्तदाबाची रोजची गोळी दिलीय, असं धरू. “सकाळी घेईन” हा बेत फसतो, कारण सकाळ म्हणजे नेमकं काहीच नव्हे. पीटर गॉलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी दाखवलेली वाक्यरचना वापरा: अमुक झालं की मी तमुक करीन. “चहाचा रिकामा कप सिंकमध्ये ठेवला की गोळी घेईन.” चहा पिताना असं म्हणू नका, चहा दहा मिनिटं चालतो. कप खाली ठेवणं हा एक क्षण आहे, आणि खूण अशीच टोकदार लागते. गोळ्या नजरेसमोर ठेवा, पण मुलांच्या हाताला लागणार नाहीत आणि पाणी उडणार नाही अशा. थायरॉइडची गोळी मात्र रिकाम्या पोटी असते, ती चहाला बांधू नका. दात घासण्याला बांधा.

यात एक धोका आहे, तो सांगायलाच हवा. सवय पक्की झाली की गोळी घेतल्याचंही कुलपासारखंच आठवत नाही, आणि माणूस दुसऱ्यांदा घेतो. म्हणून सात वारांचे कप्पे असलेली डबी घ्या आणि रविवारी एकदाच भरा. बुधवारचा कप्पा रिकामा, म्हणजे गोळी पोटात गेली. गावी जाताना डबी सोबत घ्या आणि तिथली खूण पहिल्याच दिवशी ठरवा, कारण तिथे तुमचा कपही नसतो आणि सिंकही नसतं.

किती दिवस लागतात? सवय एकवीस दिवसांत लागते, हा हिशेब विसरा. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी 96 जणांना 12 आठवडे तपासलं. सवय अंगवळणी पडायला साधारणपणे 66 दिवस लागले. कोणाला 18 पुरले, तर कोणाला 254 लागतील, असा त्यांच्या प्रगतीवरून अंदाज निघाला. पाणी पिण्यासारखी सोपी कामं लवकर रुजली, व्यायाम उशिरा. एखादा दिवस चुकला म्हणून केलेलं वाया गेलं नाही. तेव्हा सोमवारची गोळी राहून गेली तर मंगळवारी दोन एकदम घेऊ नका. राहिलेल्या गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारा, आणि मंगळवारी कप सिंकमध्ये ठेवला की मंगळवारचा कप्पा उघडा.

नमस्कार.