थर उतरवणं सोपं, चढवणं अवघड

व्हिडिओ कॉलवर समोरचा चेहरा अचानक धूसर होतो, पण बोलणं तुटत नाही. त्या क्षणी अनेकदा मधल्या सर्व्हरने वरचा एखादा थर पुढे पाठवणं थांबवलेलं असतं. आज बोलायचंय ते या थरांबद्दल.

असा व्हिडिओ एकावर एक रचलेल्या थरांत पाठवला जातो. पायाच्या थरात चित्र लहान आणि भरड असतं, पण पूर्ण असतं. वरचे थर त्यात तपशील, आकार किंवा फ्रेम वाढवतात. पाया वरच्यांवाचून चालतो, वरच्यांचं पायावाचून काहीच चालत नाही. म्हणून तुटपुंज्या लाइनवर आधी पाया जपायचा. सेकंदाला तीस फ्रेमचे पंधरा करायचे तर एक सोडून एक फ्रेम गाळायची. एन्कोडरने, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या यंत्रणेने, आधीच अशी व्यवस्था केलेली असते की गाळलेल्या फ्रेमवर उरलेली कुठलीही फ्रेम अवलंबून नसते. सर्व्हरला चित्र उलगडावंही लागत नाही, डेटाच्या पॅकेटचं हेडर, म्हणजे सुरुवातीची माहिती, वाचलं की भागतं.

व्हिडिओ दाबण्याच्या एच.२६४ या मानकात ही सोय २००७ साली आली. साठवलेल्या चित्रपटांच्या दुनियेने मात्र तिला फारसं जवळ केलं नाही. थरांमुळे बिट जास्त लागतात, आणि फोन-टीव्हीतल्या, चित्र उलगडणाऱ्या डीकोडर चिपना ते थर समजत नव्हते. त्यापेक्षा एकाच चित्रपटाच्या पाच-सहा वेगवेगळ्या प्रती करून ठेवणं सोपं. मला तो निर्णय शहाणपणाचाच वाटतो. थेट कॉलचं तसं नाही. तिथे पाठवणाऱ्याचा फोन एकच आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाची लाइन निराळी.

आता खरी अडचण. लाइन कमी पडली की पॅकेट हरवतात, उशीर वाढतो. म्हणजे ती स्वतःच बोंब मारते. पण सेकंदाला पाचशे किलोबिट सुरळीत जात असतील, तर जागा सहाशेची आहे की सहा हजारांची? ते कळायला काही मार्ग नाही. जास्त पाठवून बघायचं, एवढंच. १९९६ साली मॅकॅन, जेकबसन आणि वेटर्ली या संशोधकांनी मल्टिकास्टसाठी, म्हणजे एकच प्रवाह नेटवर्कनेच अनेकांना वाटण्याच्या पद्धतीसाठी, हेच सुचवलं. पुढचा थर मागून बघायचा, पॅकेट हरवले तर सोडून द्यायचा आणि त्या थराच्या पुढच्या प्रयत्नाआधी जास्त थांबायचं. प्रयोग सुरू करताना इतरांनाही कळवायचं, म्हणजे एकाच्या फसण्यातून सगळे शिकतात. हा भाग मला फार आवडतो! सार्वजनिक इंटरनेटवर मल्टिकास्ट रुजलं नाही, पण चाचपणीची कल्पना टिकली. आजचे सर्व्हर आधी भरतीची, म्हणजे नुसती जागा भरणारी, पॅकेट सोडून बघतात. ती हरवली तरी चित्राचं काही बिघडत नाही.

चाचणी यशस्वी झाली तरी मोठ्या आकाराच्या थरावर कुठूनही चढता येत नाही. काही रचनांमध्ये की-फ्रेमची, म्हणजे आधीच्या फ्रेमवर न विसंबता स्वतःत पूर्ण असलेल्या फ्रेमची, वाट बघावी लागते, आणि ही की-फ्रेम असते भली मोठी. नुकत्याच सावरलेल्या लाइनवर ती एकदम आदळली, की चढता चढता पुन्हा घसरण. म्हणून उतरताना घाई करावी, चढताना करू नये. सतत वरखाली होणाऱ्या चित्रापेक्षा स्थिर आणि थोडं कमी चित्र डोळ्यांना बरं.

आणि उतरायचं ते कोणत्या बाजूने? बोलणारा माणूस असेल तर हालचाल सुरळीत हवी, तपशील थोडा गेला तरी चालतं. स्क्रीनवर कोडच्या ओळी दाखवत असाल तर उलट: फ्रेम हव्या तेवढ्या गाळा, अक्षरं वाचता आली पाहिजेत. चित्र न उलगडता सर्व्हरला हा फरक समजणार नाही, तो पाठवणाऱ्या अ‍ॅपनेच सांगायला हवा.