टर्पिट्यूड आणि काउंटेसबाई

नमस्कार श्रोतेहो. आजचा शब्द टर्पिट्यूड. पुन्हा सांगतो, टर्पिट्यूड. लॅटिनमधल्या 'टर्पिस'वरून आलेला. टर्पिस म्हणजे ओंगळ, लाजिरवाणं. इंग्रजीत हा शब्द एकटा क्वचित भेटतो, बहुतेकदा 'मॉरल' सोबत असतोच. मॉरल टर्पिट्यूड. आपल्या सरकारी मराठीत 'नैतिक अधःपतन'. (सरकारी मराठी मोठ्याने वाचावी म्हणजे नीट कळते, असं माझं जुनं मत आहे. असो.) सिग्नल तोडला, दंड भरला, तिथे हा शब्द नाही. फसवणूक, लाचखोरी, म्हणजे नियतच खोटी असेल, तिथे तो लागतो.

आता काउंटेस कॅथकार्टची गोष्ट. फेब्रुवारी 1926. बाई स्वतः लिहिलेलं नाटक घेऊन इंग्लंडहून न्यूयॉर्कला आल्या. बंदरावर कागदपत्रांत निघालं, घटस्फोटित! अर्ल ऑफ क्रेव्हन या विवाहित गृहस्थाशी संबंध, म्हणून नवऱ्याने काडीमोड घेतलेला. झालं, मॉरल टर्पिट्यूडचा गुन्हा! आणि असा गुन्हा केलेल्यांना अमेरिकेत येऊ देत नसत, म्हणून बाईंना प्रवेश नाही. आणि गंमत ऐका, ते क्रेव्हनसाहेब? ते आधीच अमेरिकेत, कुणी हटकलंसुद्धा नव्हतं. प्रकरण एकच, माणसं दोन, आणि अधःपतन फक्त बाईंचं! बायकांच्या संघटना खवळल्या, वर्तमानपत्रांना रोजचा मजकूर मिळाला. मग क्रेव्हनवरही वॉरंट निघालं, तर साहेब कॅनडाला पसार. बाई मात्र कोर्टात गेल्या. तिथे मुद्दा साधा निघाला: हे जिथे घडलं त्या दक्षिण आफ्रिकेत व्यभिचार हा गुन्हाच नव्हता. गुन्हा नाही, तर गुन्ह्यातलं टर्पिट्यूड आणायचं कुठून? बाई सुटल्या. नाटक रंगभूमीवर आलं आणि आपटलं. नाटकाच्या जाहिरातीला एवढा खटला मिळूनही आपटलं म्हणजे बघा. आमच्याकडे एवढ्यावर शंभर प्रयोग लागले असते.

वेळ कमी उरलाय, तर थोडक्यात. आपल्याकडे 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्यात हा शब्द होता, बँक नोकरीच्या नियमांत आहे. व्याख्या मात्र या कायद्यांत नाही, म्हणून निवाडा कोर्टाकडे जातो. हरियाणात एका कर्मचाऱ्याला किरकोळ गुन्ह्यात वीस रुपये दंड झाला होता. पुन्हा सांगतो, वीस रुपये. त्यावरून नोकरी गेली. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती परत दिली. हा शब्द त्याला लागत नाही, म्हणाले.