पोलाद कारखाने आणि राष्ट्राध्यक्षाचा सहीचा हात

नमस्कार मंडळी. ८ एप्रिल १९५२ ची रात्र, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन रेडिओवर आणि टीव्हीवर बोलायला आले. कोरियात युद्ध चालू होतं, पोलाद कामगार पगारवाढीसाठी संपावर जायच्या बेतात होते, आणि ट्रुमननी सांगून टाकलं की देशातले बहुतेक पोलाद कारखाने सरकार ताब्यात घेतंय, कारण पोलाद थांबलं तर तिकडे लढणाऱ्या पोरांचा दारूगोळा थांबेल. आता मला सांगा, ऐकायला चुकीचं वाटतं का हो? मला तरी पहिल्यांदा वाचलं तेव्हा नाही वाटलं. मालक मात्र लगेच कोर्टात गेले. पुढचं सांगतेच, पण आधी जरा मागे जाऊ, कारण या केसचं मूळ १७८७ सालात आहे.

त्या वर्षी मे ते सप्टेंबर, ऐन उन्हाळ्यात, फिलाडेल्फियातल्या एका हॉलमध्ये दारं लावून अमेरिकेच्या घटनेवर चर्चा चालली होती, आतलं अक्षर बाहेर जाऊ द्यायचं नाही असं ठरलेलं. एकूण ५५ जण आले, शेवटी सह्या केल्या ३९ जणांनी. सभेचे अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन, त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर अर्धा सूर्य कोरलाय, ती खुर्ची अजून तिथे जपून ठेवलीय. ही सगळी माणसं नुकतीच राजाशी लढून मोकळी झालेली, त्यामुळे पुन्हा एकाच्याच हातात सगळं द्यायची धास्ती, पण दुसरीकडे तेव्हाचं केंद्र इतकं दुबळं की त्याला स्वतःचा कर बसवता येत नव्हता, राज्यांपुढे हात पसरायचे. म्हणजे सरकारात दम तर हवा, पण तो कुणा एकाच्या मुठीत नको.

मग त्यांनी वाटणी केली. घटनेचं पहिलं कलम काँग्रेसचं, म्हणजे आपल्याकडचा पक्ष नव्हे, तिथली संसद, कायदे करणं, कर लावणं, खजिन्यातून पैसे मंजूर करणं, युद्ध जाहीर करणं हे तिचं. दुसरं राष्ट्राध्यक्षाचं, कायदा राबवायचा, आणि सैन्याचा सरसेनापती तोच. तिसरं कोर्टाचं. आणि एवढ्यावर न थांबता प्रत्येकाची एक चावी दुसऱ्याकडे देऊन ठेवली. राष्ट्राध्यक्ष विधेयकावर व्हेटो वापरू शकतो, पण दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांश मतांनी ते परत पास केलं की व्हेटो गेला. न्यायाधीश तो निवडतो, पण सिनेटने, म्हणजे काँग्रेसच्या वरच्या सभागृहाने, हो म्हटलं तरच.

आपल्याकडे मंत्र्याला सहा महिन्यांत तरी खासदार व्हावंच लागतं, तिथे बरोबर उलटं, मंत्री झालात की काँग्रेसमधली जागा सोडायची. बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबियात शिकलेले, त्यांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला आपल्या घटनेचा मसुदा मांडताना दोन्ही पद्धतींची तुलना केली आणि सांगितलं की मसुद्याने स्थैर्यापेक्षा जबाबदारीला जास्त महत्त्व दिलंय. ते भाषण जरूर वाचा.

राज्यांचं थोडक्यात सांगते. १७९१ ची दहावी दुरुस्ती म्हणते की घटनेने केंद्राला जे दिलं नाही आणि राज्यांना मना केलं नाही, ते राज्यांचं किंवा लोकांचं. म्हणून तुमची मुलगी न्यू जर्सीतून टेक्सासला राहायला गेली तर ड्रायव्हिंग लायसन्स नवीन काढते, आणि शाळा, पोलीस, बरेचसे गुन्ह्यांचे कायदेसुद्धा राज्यागणिक बदलतात.

तर ट्रुमन. २ जूनला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, सहा विरुद्ध तीन, ट्रुमनच्या विरोधात. नऊच्या नऊ न्यायाधीश ट्रुमनच्या आधीचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी नाहीतर खुद्द ट्रुमननी नेमलेले, आणि ट्रुमनच्या चौघांपैकी दोघांनी त्यांच्याविरुद्ध मत दिलं! मला या केसमधलं हे सगळ्यात मोठं वाटतं. कोर्टाचं म्हणणं साधं होतं, कारखाने ताब्यात घ्यायचा अधिकार काँग्रेसने दिलेला नाही, घटनेतही राष्ट्राध्यक्षाला दिलेला नाही, आणि सरसेनापतीपद रणांगणावर चालतं, देशातल्या मालक-कामगारांच्या भांडणात नाही.

सैन्य ट्रुमनच्या हाताखाली होतं, कोर्टाकडे फक्त कागद. ट्रुमनना निकाल अजिबात पटला नाही, तरी त्यांनी कारखाने लगेच मालकांना परत केले. कामगार संपावर गेले, तो संप पन्नासवर दिवस चालला, आणि कोरियातली लढाई तेव्हाही चालूच होती.